उलटी बाजू

सव्वीस वर्षं अंबडला क्वालिटीत काढली,
त्यामुळे कुठल्याही दुकानात शिरले की
माझा हात आधी माल पालथा करतो.
सुलट बाजू विकणाऱ्याची असते,
उलटी शिवणाऱ्याची.

कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानात
मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवले. छान होते.
म्हटलं, फोटो पांघरता येत नाहीत गं,
एखादी गोधडी काढ.
काढली. टी-शर्टच्या मागं अस्तरच नाही.
होजिअरीचं कापड ते, मोकळं सोडलं की पसरतं
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखं.
दोन धुण्यांत छातीवरची अक्षरं
पोटावर उतरली असती.

रविवार कारंजावरच्या माणसानं भाव निम्मा सांगितला.
टाके वीतवीत अंतरावर, आत कापूस नाही, चिंध्या.
झटकली तर सगळ्या एका कोपऱ्यात गोळा,
संपाच्या सकाळी गेटवर माणसं जमतात तशा.

पिशवीत ह्यांचे एकवीस टी-शर्ट.
कामगार चषक कबड्डी, सातपूर : नऊ.
गणेश मंडळाचे पाच, रक्तदान शिबिराचे चार,
एक पतसंस्थेचा, जिच्यात आमचे पैसे बुडाले,
एक कुणाच्या तरी प्रचाराचा, फुकट मिळाला म्हणून,
आणि एक काळा, कंपनीला टाळं लागलं त्या महिन्यातला.
त्याच्यावर छपाई नाही.

हे बाजेवरून म्हणाले,
"मी जिवंत आहे अजून,
माझे कपडे फाडायची एवढी काय घाई?"
म्हटलं, गुडघा बदलून तीन वर्षं झाली,
आता कुठं चढाईला जाणार आहात?
मग बोलले नाहीत.
पिशवीला गाठ मात्र त्यांनीच मारून दिली.

उत्तमनगरला, पिठाच्या गिरणीच्या वर, कुसुम गांगुर्डे.
बाईनं आधी काही दाखवलंच नाही.
पिशवी ओतली, एकेक टी-शर्ट दोन्ही हातांनी ताणला.
"धुतलेत? परत धुवा. आटायचं ते आधी आटू दे."
सुया वेगळ्या, बोथट टोकाच्या,
धागा तोडत नाहीत, बाजूला सारून जातात.
इस्त्री मागून, छपाईवर कधीच नाही.
टाक्यांत चार बोटं अंतर,
तिची बोटं; माझी जाड आहेत.
तयार होती ती एक गोधडी मी पालथी केली
आणि पहिल्यांदाच सुलटी करायला विसरले.

मग ती म्हणाली, सोळाच बसतील. पाच काढा.

पतसंस्था काढली. प्रचार काढला.
रक्तदानाचे दोन काढले, रक्त काय, तेच.
पाचवा काळा. लिहिलेलंच नाही काही, म्हणून.
बाईनं तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला.
"गळा फाटलाय हो ह्याचा. आतून हातानं शिवलाय.
टाके कच्चे आहेत, पण दुहेरी घातलेत. तुम्ही शिवला?"

मी नव्हता शिवला.
कोणी गळा धरला होता, कुठल्या दिवशी,
आणि घरात कोण झोपल्यावर
ह्यांनी सुईत दोरा ओवला,
ह्यातलं काहीच माझ्या रजिस्टरात नाही.
सव्वीस वर्षं लोकांचा माल पालथा केला मी,
हा टी-शर्ट किती वेळा दोरीवर वाळत घातला.

म्हटलं, हा राहू द्या. उलटाच लावा.
बदल्यात कबड्डीचा एक परत पिशवीत टाकला.

डिसेंबरात गारठा पडला तेव्हा गोधडी आली.
कोपरे काटकोनात, आतला कापूस जागच्या जागी.
हे पाय पसरून बघत बसले
कुठलं वर्ष गुडघ्यावर येतंय.
अंगात तो परत आणलेला कामगार चषक, पोटावर ताणलेला.
मग काळ्या चौकटीवर अंगठा थांबला.
बराच वेळ.

"हे उलटं लागलंय," म्हणाले. "चूक झालीय बाईची.
घेताना बघितलं नाहीस का?"

बघितलं, मी म्हटलं,
आणि दिवा घालवला.